लेबल नसलेली बाटली

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे उंदीर खुशाल असतीलच.

आमच्याकडे अण्णांनी स्वतःची पँट दोन महिन्यांत तिसऱ्यांदा कंबरेत आत घेतली. शिंपी माणूस, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पोटातली गाठ आहे तेवढीच आहे, पण माणूस विरघळत चाललाय. वजन चव्वेचाळीस. मी ताट पुढे ठेवते, ते मागे सारतात, की झालंच आमचं भांडण सुरू.

काल आत्या बाटली घेऊन आली. झाडपाल्याचा अर्क. एकाच लेबलवर कर्करोग, केसगळती आणि स्मरणशक्ती. मुलीचं लग्न जमवणं तेवढं लिहायचं राहिलं होतं. मी तिच्यादेखत ती बाटली बेसिनमध्ये ओतली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. औषधाचा एवढा तरी गुण आला म्हणायचा.

तू चार वर्षं त्या प्रयोगशाळेत मुळ्या उकळतोयस. त्यातून काही हाती लागलं असेल तर सांग, नसेल तर तसं सांग. लोभ आहेच, उत्तर वेळेवर आलं तर वाढेलही.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाटली ओतलीस ते उत्तम केलंस. या विक्रेत्यांना झाडाचं नाव धड लिहिता येत नाही आणि निघाले कर्करोग बरा करायला. त्यांच्या नादी लागणाऱ्यांची मला कीवसुद्धा येत नाही.

या आजारात स्नायू आणि चरबी दोन्ही झडतात. नुसतं खाऊ घालून ते भरून येत नाही, म्हणून ताटावरून अण्णांशी भांडू नकोस. आम्ही गाठ असलेल्या उंदरांना एका मुळीचा अर्क देतो. त्यांच्या मांड्या इतर उंदरांपेक्षा कमी झडल्या, हे खरं. पण उंदीर म्हणजे अण्णा नव्हेत. माणसाला तो किती सोसेल, यकृताचं काय होईल, चालू औषधांशी त्याचं जमेल का, कुणालाच माहीत नाही. तेव्हा असलं काहीही त्यांना देऊ नकोस.

राग नसावा, लोभ असावा.
तुझा धाकटा

३ एप्रिल

शास्त्रज्ञ महाशयांस,
आशीर्वाद आज शिल्लक नाहीत.

अण्णांचे डोळे पिवळे झाले. रक्त तपासलं, तर यकृत बिघडलेलं. डॉक्टरबाईंनी केमो पुढे ढकलली आणि घरात आणखी कुठलं औषध चालू आहे असं विचारलं. मी छातीठोकपणे काही नाही म्हणाले. घरी येऊन अण्णांचं शिवणाचं दुकान धुंडाळलं. रिळांच्या डब्यामागे तपकिरी बाटली. लेबल नाही, नुसती चिठ्ठी: रोज दोनदा दहा थेंब, ताईला सांगू नका. अक्षर तुझं. सोबतच्या टपालाच्या पाकिटावरचा शिक्का दहा मार्चचा. म्हणजे मला प्रवचन झोडायच्या दोन दिवस आधी पार्सल टाकून मोकळा झाला होतास.

आत्याच्या बाटलीवर निदान लेबल तरी होतं.

बाटली मी डॉक्टरबाईंकडे दिली. बिघाड यानंच झाला असं त्या ठामपणे सांगत नाहीत, पण थेंब ताबडतोब बंद केलेत. कुणी दिली, असं त्यांनी विचारलं. माझा भाऊ शास्त्रज्ञ आहे, एवढंच सांगितलं. त्यावर त्यांनी नुसती पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
ताई

७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. अण्णांनी फेब्रुवारीत पत्रात लिहिलं होतं की आता कात्री दाबता येत नाही. तक्रार नव्हती, सहज लिहिलं होतं. त्यानंतर आठ दिवस मी उंदरांच्या मांड्या मोजल्या आणि नवव्या दिवशी बाटली भरली. मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं.

अर्कात काय काय आहे ते डॉक्टरबाईंना कालच कळवलं. आमच्या प्रमुखांनाही सांगितलं. त्यांनी किल्ल्या काढून घेतल्या, चौकशी होईल. तू म्हणशील तर येतो. नको म्हणालीस तर नाही.
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पेन धरवत नाही म्हणून ताई लिहिते आहे, मी सांगतो आहे. मधेमधे ती नाक मुरडते आहे, तेही तिला लिहायला लावलं आहे.

डोळे निवळले. गुरुवारपासून केमो, कमी मात्रेत. वजन बेचाळीस. ते परत येणार नाही, हे डॉक्टरबाईंनी मला तोंडावर सांगितलं. बाई मला आवडल्या.

तुझ्या थेंबांनी काही होईल असं मला एक दिवसही वाटलं नाही. चाळीस वर्षं कापड ओळखतो, विटलेलं कापड मला कळतं. पण तू आपण होऊन बापासाठी काही करून पाठवलंस ते पहिल्यांदाच. म्हणून प्यायलो. चूक तुझी, तेवढीच माझी. ताईची मात्र काही नाही, आणि रोज रात्री उशाशी तीच बसते. तिची माफी समोर उभं राहून मागायची, पत्रातून नाही.

ये. ती दारातच तुझी पिशवी तपासणार आहे, म्हणून रिकाम्या हातानं ये.
अण्णा