न मोजलेली अटक

३ मे, शनिवार
आई (नि.च्या. नि. म्हणजे निखिल, नवरा. रोज पूर्ण नाव लिहायचा कंटाळा येतो) जर्मनीत, आमच्याकडे इंगोलश्टाटला येऊन महिना झाला. भाड्याच्या बागेचा ताबा पूर्ण त्यांच्याकडे. मला दोन वर्षांत साधी कोथिंबीर जमली नाही, यांची मेथी बघा कशी तरारलीय! जळफळाट झाला माझा.

कुंपणापलीकडचा बारान हसत बघत होता. कुर्दी आहे. तुर्कस्तानात इतिहासाचा मास्तर होता, इथे बेकरीत काम करतो. "आई का?" म्हणाला. म्हटलं, सासू. "आल्झो, मग जपून राहा." आईंनी त्याला लगेच एक जुडी दिली. त्याने डावा हात पुढे केला. झालं! "डाव्या हाताने घेतो गं हा!" मग सांगावंच लागलं. उजवा हात त्याला धड उचलता येत नाही. कोठडीत टांगलं होतं, तेव्हापासून. आईंनी वाकून दुसरी जुडी उपटली आणि तीही त्याला दिली.

८ मे, गुरु.
ब. (बारान, त्याचंही आता एकच अक्षर) कागदांची फाइल घेऊन घरी आला. आश्रयाचा अर्ज मागेच फेटाळलाय. अपिलाची तारीख ६ जून, म्युनिक. हरला तर परत पाठवणार. तिकडे वॉरंट तयार, विमानतळावरूनच उचलतील. "आणि मग..." म्हणत त्याने फाइल मिटली. गुन्हा काय, तर पक्षाच्या सभेत भाषणं केली आणि मुलांना कुर्दी वाचायला शिकवलं.

नकाराचं पत्र वाचलं. मुलाखतीत म्हणाला दोनदा अटक झाली. त्यानेच दिलेल्या कागदांवर तीनदा. कथन विसंगत, सबब विश्वास नाही.
"अरे, दोनदा की तीनदा?"
"दोनदा."
"इथे तीन शिक्के आहेत."
"दोनदा."
गाढव. पण हे तर माझंच काम! नऊ वर्षं कंपनीच्या क्वालिटी विभागात मी दुसरं काय करतेय?

११ मे, रवि.
फजिती. कंपनीत पार्ट खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण सापडतंच. तसंच ब.ला बसवलं. लॅपटॉप, तक्ता, सगळं. का नाही सांगितलं? का विसरलास? तिसऱ्या 'का'ला त्याच्या कपाळावर घाम. पाणी प्यायला आणि "बेकरीत जायचंय" म्हणून उठला. रविवारी दुपारी कुठली बेकरी!

आई भडकल्या. "पोलीस आहेस का गं तू? असंच विचारलं असेल ना त्याला तिकडे?"
लाज वाटली. जेवले नाही नीट.

१३ मे, मंगळ.
आईंनीच त्याला बोलावलं. म्हणजे कुंपणावरून हातवारे. टेबलावर मेथीचा ढीग टाकला, निवडायला बसवलं. मलाही. इरा (वय सहा, आजीचं मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये) काड्या गोळा करत होती. अर्धा तास कुणी काही विचारलं नाही. पानं खुडता खुडता तो स्वतःच बोलायला लागला. पहिली अटक, आठ दिवस. दुसरी, खांद्याची. मग एकदम हसला: "आणि एकदा चार दिवस ठेवलं, तेव्हा चहासुद्धा दिला!"
माझा हात थांबला. ही कुठली?
"ती? ती काय मोजायची! मारलंच नाही त्यात."

बापरे. ही तिसरी. मुलाखतीत विचारलं 'किती वेळा अटक', याच्या मनात अटक म्हणजे मार. तिकडे सगळे असंच मोजतात म्हणे. आईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवा रे", आणि जेवताना त्याच्या ताटात तिसरा पराठा वाढला.

२१ मे, बुध.
वकीलबाईंकडे. माझा तक्ता बघून म्हणाल्या, इतकी नीट फाइल वीस वर्षांत पाहिली नाही. तरंगतच घरी आले. नि. म्हणतो, बढती मिळाली तेव्हा एवढी खूश नव्हतीस. खरंय!!
मात्र हेही म्हणाल्या, न्यायाधीशांना पटेलच असं नाही.

२९ मे, गुरु.
हिमेलफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाची) सुट्टी. बागेत धमाल. ब.ने फोनवर गाणी लावली आणि आम्हाला रांगेत उभं केलं. खांद्याला खांदा चिकटवायचा, दोन पावलं पुढे, एक मागे. नि. कायम उलटा. इरा ओरडतेय, "पापा, फाल्श!" आई आधी "मी नाही बाई" म्हणत खुर्चीत, मग पदर खोचला आणि ज्या काही नाचल्या! वीस वर्षांनी धाकट्या झाल्या. ब.चा उजवा हात खाली लटकत होता, पण खांदे काय हलत होते त्याचे! दुपारी एकला बागांच्या नियमाप्रमाणे शांततेची वेळ म्हणून गाणी बंद. आम्ही तसेच, बिनगाण्याचे, आणखी दोन फेऱ्या. फार फार मजा आली. आठ दिवसांनी कोर्ट, हे कुणीच बोललं नाही.

६ जून, शुक्र.
म्युनिक. ट्रेन लेट. सुनावणी खुली असते, आई आणि मी मागे बसलो. न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघणाऱ्या. तोच प्रश्न: दोनदा का म्हणालात? ब. सरळ म्हणाला, "तिसऱ्या वेळी मारलं नाही, म्हणून मोजली नाही." दुभाष्यानेसुद्धा एक क्षण थांबून मग सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.
"अशा न मोजलेल्या आणखी आहेत?"
ब. विचारात. "असतील की."
वकीलबाईंनी कपाळाला हात लावला! न्यायाधीशबाई म्हणाल्या, दोन आठवड्यांत सगळ्या लिहून द्या, निकाल नंतर पोस्टाने.

स्टेशनवर ब.ने आम्हा दोघींना आइसक्रीम दिलं. म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्चीवर बसवून, आवाज न चढवता, हे विचारलं. निकाल काहीही लागो. मी म्हटलं, काहीही लागो काय! गप आइसक्रीम खा.

१५ जून, रवि.
सकाळपासून धाकधूक. दोनाचे तीन झाले तर विश्वास उडाला, आता तीनाचे पाच-सात झाले तर? वकीलबाईंना फोन केला. "खरं आहे ते सगळं लिहा. भीतीने गाळलेलं जास्त महागात पडतं."

चहा घेऊन बागेत बसलो. मी टाइप करणार, ब. बोटांवर मोजणार. आणि हा माणूस हसत हसत सांगतोय! लग्नात गाणं म्हटलं म्हणून नवरदेवासकट सगळी वरात ठाण्यात. नवरदेवाच्या आईने तिथे डबे आणले, पोलिसांनाही वाढलं. "ही धरायची?" धर. एकदा वाचनालयातून उचललं, हातात पुस्तक होतं, तेच कोठडीत वाचून संपवलं. "हीसुद्धा?" हो रे बाबा. आम्ही हसून हसून बेजार. मी तारखा टाकतेय, महिना आठवत नसेल तर पिकावरून, डोंगरावरच्या बर्फावरून.

मग हसणं कमी होत गेलं. कुणाचं आधी थांबलं, माहीत नाही. सहा. सात. आठ. नऊ. दहा.
दोन्ही हात टेबलावर पसरून तो त्यांच्याकडे बघत बसला. बोटं संपली होती.

आईंना जर्मन ओ की ठो कळत नाही. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि आपला हात त्याच्यापुढे ठेवला. "घे, माझी घे."
त्याने त्यांचं एक बोट धरलं. "एल्फ," म्हणाला.
मी अकरा टाइप केलं. त्याने दुसरं बोट धरलं.