धुवायचा राहिलेला रोल

अण्णा, तुमचा रोल धुऊन आला. सुटले एकदाची. इतकी वर्षं तो कॅमेऱ्यातच अडकून होता, कारण रोल संपल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही हा तुमचा दंडक, आणि तो संपायच्या आधी तुम्हीच गेलात. मग आईनं कॅमेरा ट्रंकेत ठेवला आणि झाकणाला कोणाला हात लावू दिला नाही.

तुमच्या त्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्याला जव्हारचा स्टुडिओवाला हसायचा. काळ्या कापडात डोकं खुपसून फोटो काढणारा माणूस तो. नुसतं बटण दाबायचं, हे काय काम झालं, म्हणायचा. पण त्या खेळण्यामुळेच फोटो डोंगर चढून सूर्यमाळच्या पाड्यांवर पोहोचला. शाळेत शिकवायला जाताना तुम्ही तो गळ्यात अडकवायचात, आणि सगळ्यांचे फोटो काढण्यात तुमचा मात्र राहूनच गेला. भिंतीवर हारात आहे तो ओळखपत्रावरचा, कपाळाला आठ्या घातलेला. तोच बघून बघून मी तुमचं हसणं विसरत चालले होते, आणि त्याची मला भीती वाटायची.

म्हणून त्या एका उन्हाळ्यातल्या दिवसावर माझी सगळी भिस्त होती. मी तुमच्याबरोबर शाळेत आले आहे. शेजारच्या झोपडीतल्या आजीचा फोटो तुम्ही काढता आणि सांगता, रोल संपला की नाशिकला धुवायला पाठवू. आजी आत जाते आणि तांब्या भरून आणते. पाड्यावर टँकर आलेला नाही. "गुरजी, धवाला पानी लागंल ना? ह्या घेऊन जा." तुम्ही तिला चूक दाखवत नाही. "लागतं तर," म्हणून ते पाणी माझ्या बाटलीत ओतून घेता आणि कॅमेरा तिच्या हातात देता. "आता माझा काढा."

नाशिकचा दुकानदार म्हणाला होता, फार जुना आहे, आशा धरू नका. बहुतेक फोटो नुसते करडे निघाले. पण तुम्ही आलात. निम्म्या फोटोवर आजीचा अंगठा आहे. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी नि भिंग वेगळं, तिला तो दिसणार कसा? उरलेल्या निम्म्यात तुम्ही तोंड उघडून हसताय, वाकडा दात दिसतोय. अंगठा पुसून देऊ का, दुकानदारानं विचारलं. मी नको म्हटलं. घरी हा फोटो भिंतीवर लावताना आईनं हार काढून ठेवला आणि म्हणाली, "आता घरात माणूस आल्यासारखं वाटतं."

एक सांगायचं राहिलं. रोल द्यायला गेले तेव्हा पिशवीत मी घरून पाण्याची बाटली भरून नेली होती. मला तहान लागलेली नव्हती.