तलावाचं कुलूप आन् तुझा अराजकवादी

नाही रे योगराज, तुझ्या पोराले पोलिसाईनं नेलं नाही. इथंच हाये, माझ्या सपरीत लसून सोलून राहिला. आता रीतीनं लिहून राहिली. भाऊ, तू बरा असशीन, तुझ्या नीतूचे गुडघे चालत असतीन, आमी केशोरीकडचे सारे जित्ते हावो. (फोनवर तू आयकायच्या आधीच ओरडतोस. आता कागदावर ओरडून दाखव.)

तुझा भुवनेश्वर नागपूरवरून आला आन् मले म्हने, आत्या, मी अराजकवादी हाये. मले पहिला संशय पोरीचा. मंग दुसरा, जंगलवाल्या नक्षल्याईचा. त्याची बॅग उलटी करून पाह्यली, त पुस्तकंच पुस्तकं आन् दोन बनियान. मंग त्यालेच विचारलं, बाबू, हे कोन्तं पीक? निंदन करता करता त्यानं सारं सांगतलं. एकशे ऐंशी-पंच्याऐंशी वर्सापूर्वी फ्रान्समंदी छापखान्यातल्या एका मानसानं लिवलं का मालमत्ता म्हन्जे चोरी. (तेव्हापासून कोठीची चाबी माझ्या कमरेले हाये.) मंग रशियाचा एक दाढीवाला म्हने, मजुराईच्या नावानं राज्य आलं तरी नवे मालकच बसतीन. त्याच्या साथीदाराईनं त्यालेच सभेतून हाकललं. मंग तिथलाच एक राजपुत्र महाल सोडून जनावरं पाहत हिंडला आन् म्हने, जनावरं नुसतं भांडून नाही, एकमेकाले धरून जगतेत. (महाल असा कोन सोडते? भावकीचा झगडा असन, मले त तोच संशय.) स्पेनमंदी लोकाईनं मालकाबिगर सामलातीत, साऱ्याईनं मिळून, शेती केली, थे मंग फौजेनं मोडली.

त्याचं म्हननं, सरकार नको, पुढारी नको, साऱ्याईनं बसून ठरवावं, अडल्याले हात द्यावा. मी म्हटलं, मंग माझं विधवेचं पेन्शन कोन देईन? म्हने, गाव देईन. मी म्हटलं, याच गावातली शामकला माझी परात दोन वर्सापासून देऊन नाही राहिली. (पन त्या दिवशी भांडे त्यानंच घासले. मले हेही संशयाचंच वाटलं.)

आता मेन गोष्ट. आपल्या तलावाची रीत तुले माहीत हाये. पानी बारीबारीनं, आन् जो बारी मोडन त्याची त्या सालची बारी बंद. आज्याच्या वेळपासून ना साहेब ना कागद. भुवनेश्वर म्हने, आत्या, हेच त अराजक, तुमी शंभर वर्सापासून करून राहिले. मी हे कोनाले सांगतलं नाही, उगाच चौकशी लागन.

यंदा लीलाधर तलाव कमिटीचा अध्यक्ष झाला आन् त्यानं तुडमाले, म्हन्जे पानी सोडायच्या तोंडाले, कुलूप ठोकलं. चाबी त्याच्या खिशात. इकडं धान पोटरीवर, पाऊस बेपत्ता, माझ्या धानाची बांदी सगळ्यात खालची. सोमवारी पाह्यलं त कुलूप चिखलात आन् पानी खालपर्यंत पोचलेलं. साऱ्याईची नजर तुझ्या पोरावर, काऊन का पानठेल्यावर कुलपाच्या विरोधात भाषन त्यानंच ठोकलं होतं. सभा बसली. तो म्हने, पानी कोनाच्या खिशातलं नाही, आन् कुलूप कोनी तोडलं थे मी सांगनार नाही.

लीलाधर म्हने, याची बारी बंद.

म्हातारा उदाराम म्हने, अरे, त्याले बांदीच नाही, त बारी कायची बंद करतोस?

घंटाभर सभा तिथंच अडकली. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याले सजा कशी द्याची, थे आपल्या रीतीत कोनी लिवलंच नाही. शेवटी ठरलं, येत्या रविवारी बापानं येऊन जिम्मा घ्यावा, नाहीतर पोरानं गाव सोडावा.

तुझी बहीन,
सुशिला

ता. क. रविवारी पहिल्या गाडीनं ये, आन् त्याले नेऊ नको. जिम्मा घे आन् वापस जाय. कापनीले मले मानूस पाहिजे. आन् जेवताना घरात कोनी बोलते, थेही बरं वाटते.

आनखी एक. पोरावर हात उचलू नको. त्याले लोखंडी सब्बलही उचलत नाही. कुलूप मी तोडलं. माझी बारी बंद झाली असती त धान गेला असता. त्याले बारीच नाही, त जाईन काय? त्यानं मले तोडताना पाह्यलं होतं, तरी सभेत बोलला नाही. आन् लीलाधरच्या कानात तुझ्या पोराचं नाव मीच टाकलं.