डावी शेपटी

८ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

सोबत रोल पाठवते आहे, नीट धू. मागच्या वेळी माझ्या अंगठ्याचाच फोटो मोठा करून पाठवलास, चांगले दिवे लावलेस.

ते काळं फुलपाखरू रोज पावणेबाराला खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीवर येतं, मग ह्यांच्या घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलावर बसतं. त्याच्या पंखांना दोन शेपट्या आहेत, त्यातली डावी तुटलेली. ह्यांची डावी करंगळीही यंत्रात गेली होती. हे जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मला वेड लागलंय म्हण हवं तर. ते यायचं थांबलं की घर बंद करून तुझ्याकडे येईन, हा माझा शब्द. तोवर आग्रह नको.

तुझी ताई

२० मे

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझा दुसरा रोल धुतला. मोठी प्रत पाठवतोय. शेपटी डावीच तुटलेली आहे, स्पष्ट दिसते. फुलपाखरू जेमतेम तीन आठवडे जगतं असं ऐकलंय, तुझं सहा आठवडे येतंय. मी वाद घालत नाही. हिने तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, तीही थांबेल. वेळेवर जेवत जा.

तुझा धाकटा

२७ मे

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घड्याळवाल्याच्या बायकोला फसवायला निघालास? फोटोत मागचं घड्याळ सव्वाबारा दाखवतंय आणि आकडे उलटे आहेत. निगेटिव्ह उलटी घालून छापलीस. मी तुझ्याकडे यावं म्हणून झुरतोस, तरी उजवी शेपटी माझ्यासाठी डावी केलीस.

आता माझं ऐक. पहिलं फुलपाखरू एप्रिलमध्येच यायचं थांबलं. तुला कळवलं नाही. मग कुंडीतल्या कोषातून दुसरं निघालं, टेबलावर पंख वाळवत बसलं. दोन्ही शेपट्या धड. मी ह्यांची बारीक कात्री घेतली. ते माझ्याकडे तोंड करून होतं. समोरच्याची डावी आपल्या उजवीकडे असते, एवढंही घाईत सुचलं नाही. फोटो काढला आणि ते उडालं, पुन्हा आलं नाही.

ह्यांनी कधी मुंगी मारली नाही. ते खरंच इथे असतील तर त्यांनी सगळं पाहिलंय. हल्ली त्या टेबलाकडे पाठ करून जेवते, तरी मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं.

मला न्यायला ये. मी तशी राहिले नाही, तरी लोभ तसाच राहू दे.

तुझी ताई