दिलीपच्या कोड्याचा करपट वास

गुरुवार, संध्याकाळ

लाकडी जिगसॉ कोड्यांची तुलना उद्या सकाळी पुरवणीला द्यायची आहे. तीन कारागिरांचं लिहून झालं. अडलंय ते चौथ्यावर, विश्रांतवाडीच्या दिलीपवर. शाळेपासूनचा मित्र. प्रत्येक तुकडा आपण हाताने, करवतीने कापतो म्हणतो आणि किंमतही तशीच लावतो. मग तुकड्यांच्या कडा काळ्या का? करपट वास कसला? लेझरने कापलेल्या लाकडाला येतो तसा?

मी उगाच संशय घेतोय का? बायकोला, मीराला, एक तुकडा हुंगायला दिला. म्हणाली, "अहो, हातानेच कापलं असेल. हातात काडेपेटी असेल, एवढंच."

हसलो, पण स्वस्थता नाही. शेवटी लेझरवर कापलेल्या एका स्वस्त कोड्यातला होडीचा तुकडा घेतला आणि दिलीपच्या कोड्यातल्या हत्तीच्या सोंडेत दाबून पाहिला. चपखल बसला, जणू दोन्ही कोडी एकाच आराखड्यावर कापलेली. हाताने कापलेले दोन तुकडे कधी इतके सारखे येतात?

दिलीपला फोन केला, सांगितलं.

"अरे, कोडं सोडवायला दिलं होतं. हुंगायला नाही."

मग हळूच म्हणाला, "लिहिणार आहेस?"

"बघतो" म्हणालो. बघायचं काय होतं? 'हाताने कापलेले' एवढेच शब्द गाळले असते तर निभावलं असतं. पण त्या शब्दांपायीच लोक जास्त पैसे देतात.

होडीचा तुकडा सोंडेत बसला, हेच लिहिलं. मीराने वाचून कागद परत दिला. "यंदा दिवाळीला त्यांच्याकडच्या चकल्या नाहीत म्हणायच्या."

दोनदा हात धुतले. बोटांचा वास जात नाही.