गढीचं फाटक

हेक्सम, ८ एप्रिल १९५८

ति. एल्स्पेथ आत्यास, रोनाचा सा. न. वि. वि.

तू वॉटला तोंडावर सांगितलंस म्हणे, की आमच्या लग्नाला येणार नाही. का, तर लग्नाचं जेवण त्यांच्या बागेत आणि तिथलं लोखंडी फाटक आपल्या गढीचं, त्यांच्या पूर्वजांनी दोन देशांमधली सीमा ओलांडून पळवलेलं; त्यातून तू आत पाऊल टाकणार नाहीस. आत्या, त्याला चारशे वर्षं झाली! बिचारा वॉट विचारत होता, माफी नेमकी कोणाच्या वतीने मागू?

आईबाबांमागे तूच मला वाढवलंस. सव्वीस तारखेला मी कोणाचा हात धरून चर्चमध्ये जाऊ?

रागातून उरेल तेवढा लोभ पाठव.

तुझी रोना

व्हिटरहोप, १२ एप्रिल

चि. रोनास अनेक आशीर्वाद.

हसू नकोस. गढी सोडताना आपली माणसं आत दलदलीतली जळाऊ माती धुमसती भरून जात, म्हणजे शत्रूला दारू ठासून सुरुंग लावता येत नसे. अशी ती माणसं! आणि ते फाटक कधी नीट पाहिलंस? निम्म्या भागात उभे गज आडव्यांच्या पोटातून गेलेले, उरलेल्या निम्म्यात उलट. टोपली विणावी तसं लोखंड विणलंय. चोरांना मोडता येईना, म्हणून अख्खं उचलून नेलं.

गढीचे दगड मेंढवाड्यात गेले, पुलात गेले, माझ्या चुलीखाली आहेत. त्याचं दुःख नाही, घरातच राहिले. फाटक मात्र परक्याच्या कोबीची राखण करतंय. आधी गुरं नेली, मग फाटक, आता पोरगी!

तब्येतीला जप. माया आहेच, ती काही कुणी पळवलेली नाही.

आत्या

व्हिटरहोप, २० एप्रिल

चि. रोनास अनेक आशीर्वाद.

काल तुझे सासरे वॉटला घेऊन, ट्रॅक्टरवर फाटक घालून दारात हजर. म्हणाले, बाई, हे घ्या, पण लग्नाला या; पोरीचं तोंड उतरलेलं बघवत नाही. मी विचारलं, लावू कुठे? गढीच्या जागी गवताचा उंचवटा आणि चार मेंढ्या.

मग ते आणि वॉट, दोघांनी फाटक उंचवट्यावर, पूर्वी दार होतं तिथे, उभं धरलं. मी म्हटलं, उघडा. दोघं हसले, पण एका कडेवर फिरवून उघडलं. मी आत गेले. आत नुसता वारा होता, रोना. तरी मी घरी आले होते. बराच वेळ उभी राहिले. बिचाऱ्यांचे हात भरून आले, पण एकानेही घाई केली नाही.

फाटक परत पाठवलंय. माझा आहेर समज. आता ते चोरीचं नाही, मी दिलेलं आहे. शनिवारी तुझा हात धरून चर्चमध्ये नेईन, मग जेवायला त्यातूनच येईन. बिजागऱ्यांना तेल घालायला सांग, रस्त्यावरून जाताना ऐकलंय, फार कुरकुरतं.

सासरी गेलीस तरी लोभ इकडेच वळता असू दे.

तुझी आत्या