लंगरचा हवालदार

३ फेब्रुवारी

फाट्यावर माझा फ्लेक्स लागलाय. तोंड माझं, धड दुसऱ्याचंच!

पुण्याहून येताना रिक्षा कुरुळी फाट्याला वळली तेव्हा आधी वाटलं, गावातलं कुणी मोठं माणूस गेलं की काय. एवढा थोरला फ्लेक्स! मग नाव वाचलं – 'शत्रूचा कर्दनकाळ, मायभूमीचा वाघ, हवालदार नवनाथ'. हातात मशीनगन, डोळ्यावर काळा गॉगल. गणवेशसुद्धा आपला नाही. बाहीवर कुठल्या तरी परक्या देशाचा झेंडा! बारीक आहे, पण मला दिसतोच की. वीस वर्षं जो गणवेश अंगावर घातला तो मला ओळखू येणार नाही होय?

मी कुक आहे. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. शिपाई म्हणून लागलो तो लंगरात आणि परवा हवालदार म्हणून रिटायर झालो तोही लंगरातूनच. कधी लपवलं नाही. मग हा वाघ आला कुठून?

योगिनी तर हसून हसून भिंतीला टेकली. "अहो, कंबर किती बारीक दिसतेय तुमची!" बायको असावी तर अशी.

४ फेब्रुवारी

फ्लेक्स आदिनाथचा. माझा चुलतभाऊ – मंडळाचा अध्यक्ष, कंपन्यांना माणसं पुरवतो, येत्या निवडणुकीला उभा राहायचं मनात आहे. म्हणून फ्लेक्सवर त्याचा फोटो माझ्याहून मोठा. फौजी रिटायर झाला की आमच्याकडे मिरवणूक ठरलेली. उघडी जीप, डीजे, फुलं, जीपमध्ये शेजारी आईबाप. माझी रविवारी.

म्हटलं, "नीट छापून आण. हवालदार नवनाथ, कुक."

"येडा का तू राव? आचाऱ्याची कुणी मिरवणूक काढतं का?"

"आणि हा झेंडा?"

"कोण बघतंय भावा! डिझायनरने नेटवरनं घेतला फोटो. भारी दिसतोय ना?"

वर म्हणतो, चाकणच्या एका कंपनीत गेटवर गार्डची जागा बघून ठेवलीय. फौजी म्हणजे गेट! गाड्यांच्या डिक्क्या उघडून बघा आणि साहेबाला सलाम ठोका. मी म्हटलं, मी कामगारांसाठी मेस काढणार, इथेच, कुरुळीत. तर तोंड असं केलं जसं काय मी धुणीभांडी करणार म्हणालो.

जाता जाता खरं काय ते बोलला. "आणि गावाला तुझ्या हातातली बंदूक आम्ही न्हाई सांगितली. तुझ्या बापूंनी सांगितलीय. वीस वर्षं सांगतायत!"

५ फेब्रुवारी

बापूंना विचारलं. गोठ्यात होते, वैरण टाकत.

"गावाला बंदूक कुणी सांगितली?"

"म्या."

"का?"

"गप ऱ्हा की आता. आलास न्हवं घरी? मंग बास."

एवढंच! पाटी उचलली आणि चालू लागले. मागे गेलो, पुन्हा विचारलं, तर गाईशी बोलायला लागले.

राग आला. अजून आहे. बापाला पोराची लाज वाटते, हे चाळिशीला आल्यावर कळावं? आदिनाथचं सोडा, त्याला मतं हवीत. गाव काय म्हणेल त्याचंही मला काही नाही. पण मारुतरावांनी – माझ्या बापाने – चार माणसांत एकदा म्हणावं, माझा पोरगा कुक होता. बाकी काही नको मला. जीप नको, फुलं नकोत. हे एवढं घेतल्याशिवाय मी सोडणार नाही.

६ फेब्रुवारी

सकाळी टपरीवर एकजण म्हणाला, "मग नवनाथभाऊ, किती उडवले?" म्हटलं, "पुऱ्या? लाखांनी." हसले सगळे. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय!

यांच्या डोक्यात फौज म्हणजे एक माणूस, एक बंदूक आणि एक डोंगर. त्या डोंगरावर तो पोचला कसा? बर्फ पडायच्या आत वर्षाचं रेशन वर चढवून ठेवावं लागतं – खेचरांवर, हमालांच्या पाठीवर. कुणी रस्ता काढतो, कुणी गाडी हाकतो, कुणी वायरलेस दुरुस्त करतो, कुणी दात उपटतो. पत्रं वाटायलाही माणूस लागतो. बंदुकीमागे फौज असते आणि त्या सगळ्या फौजेला दोन वेळा भूक लागते.

आणि तिथे रांधणं म्हणजे काय इथलं आहे? पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, बटाटा आतून गोठतो, अंडं फोडायला हातोडी लागते. त्या उंचीवर माणसाची भूकच मरते. समोर ताट ठेवलं तरी पोरं तोंड फिरवतात, डब्यातलं खाऊन खाऊन विटलेली असतात. त्यांना खायला घालणं ही ड्युटी आहे! खाल्लं नाही तर चालायचा नाही, चालला नाही तर मरेल. एक केरळचा पोरगा काही केल्या जेवेना. त्याला विचारून विचारून, वाळकं खोबरं मागवून, त्याच्या आईसारखा रस्सा केला मी. चार वेळा बिघडला. पाचव्यांदा जेवला.

रायफल? होती की. ट्रेनिंग सगळ्यांना सारखंच, दरवर्षी फायरिंग, पहाटे मोर्चात, म्हणजे खंदकात, उभं राहायचं तेही सगळ्यांनी. आम्ही मोर्चातून उतरून चहा ठेवायचो, एवढाच फरक.

कुकच म्हणणार मी. फ्लेक्सवर, जीपवर, स्टेजवर, सगळीकडे!

७ फेब्रुवारी

उतरवला फ्लेक्स. मीच चढलो. खांबाला बांधलेल्या दोऱ्या विळ्याने कापल्या. आदिनाथ खाली उभा राहून नाचत होता. "अरं काय करतोयस? उद्या मिरवणूक हाय!"

"मिरवणूक नाही. बडा खाना."

"ते काय असतं?"

सांगितलं. फौजेत सणासुदीला बडा खाना होतो. त्या दिवशी जवान बसतात आणि साहेब वाढतात. कर्नल असला तरी हातात पळी. उद्या देवळापुढे सगळं गाव जेवणार, भाड्याच्या खोल्यांतली बाहेरगावची पोरंसुद्धा. रांधणार मी. वाढणार मंडळाचे अध्यक्ष!

आदिनाथचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. "व्हिडिओ काढला तर चालंल ना?" याला मेल्यावरही व्हिडिओ लागणार.

आईने ऐकलं आणि लगेच सुपात गहू घेऊन बसली. "मला काय, जीपमदी बसून माझं कंबरडंच मोडलं असतं." बापू मात्र उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले.

८ फेब्रुवारी, रविवार

चुली पेटवल्या. फ्लेक्स उलटा अंथरून त्याच्या पाठीवर पुऱ्या लाटून टाकतायत बाया. वाघ पालथा पडलाय. बापूंचा पत्ता नाही.

९ फेब्रुवारी

हात भाजलाय, पाठ धरलीय, पण काल जे झालं ते लिहायलाच हवं.

गाव लोटलं. पुऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, लंगरची डाळ, खीर. शिफ्ट सुटलेली पोरं गणवेशातच पंगतीला बसली – लातूरची, परभणीची, कुठली कुठली. एकजण पाचव्यांदा डाळ मागताना लाजला. आदिनाथ घामाघूम! आधी कॅमेरा बघून वाढत होता. नंतर कॅमेरावालाच जेवायला बसला, तरी हा वाढतच राहिला. चुलत्याचं रक्त आहे शेवटी, म्हटलं.

बापू आले. उशिरा आले, पण आले. शेवटच्या पंगतीत टोकाला बसले. मी स्वतः वाढलं. वर बघितलं नाही त्यांनी. घास मात्र नीट खात होते. मला वाटत होतं, आता म्हणतील, आता म्हणतील.

तेवढ्यात आदिनाथने माइक दिला. मला भाषण येत नाही. पण कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "डाळ भारी झाली, पण बार्डरचं सांगा की कायतरी!" आणि माझं डोकं फिरलं.

म्हटलं, ऐका बार्डरचं. डाळीचंच सांगतो. एका दुपारी समोरून गोळे यायला लागले. गोळ्याला दिसत नाही कोण बंदूकवाला, कोण पळीवाला. एक लंगरावरच पडला. भिंत आत आली, छप्पर उडालं. माझ्याशेजारी शंकर बिष्ट म्हणून पोरगा होता, पहाडातला, डाळीचं पातेलं उतरवत होता. त्याचा हात कोपरापासून गेला. मी तो लंगरातल्या फडक्याने आवळून बांधला आणि त्याला ओढत खाली नेलं. माझ्या पाठीत घुसलेला पत्र्याचा तुकडा नंतर काढला. आणि रात्री, वर मोर्चात बसलेल्यांना डाळ गेली. उशिरा गेली, पण गरम गेली. मी दिली. मी कुक आहे. आता करा माझी थट्टा!

कुणी केली नाही. आधी टाळ्या, मग घोषणा. हे मी कधी कुठे बोललो नव्हतो, योगिनीलासुद्धा नाही. घरी फोन केला की म्हणायचो, इथे काय, डाळ-भात, मजेत आहे. पाठीवरचा वण विचारला तर म्हणायचो, तेल उडालं.

योगिनी डोळे पुसत होती. आणि मी बघतो तर बापू उठलेले. ताट अर्धं. हात न धुता, भिंतीला धरत धरत चालत गेले.

अख्खं गाव टाळ्या वाजवतंय आणि माझा बाप उठून जातो! अजून लाजच वाटते? आता काय करू म्हणजे पटेल त्यांना? परमवीर होऊन मरायला हवं होतं का मी?

आता नाही ऐकून घेणार. सकाळी तोंडावर विचारणार.

१० फेब्रुवारी

गेलो भांडायलाच. बापू दावणीपाशी उकिडवे बसले होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तू लंगरात हायस म्हनून पयला फोन आला, तवा म्या देवाला नारळ फोडला. पोरगं सुखरूप जागी पडलं. पन हे गावाला कसं सांगायचं? कुनाची नजर लागली म्हंजी? म्हनून बंदूक सांगितली."

मी तिथेच त्यांच्याशेजारी खाली बसलो.

"त्यो गोळा कोन्त्या साली पडला?"

सांगितलं.

मनाशी हिशेब लावत बसले. मग वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, पाठीकडे.

"म्हंजी ती समदी वरसं म्या उगंच निवांत झोपलो व्हय रं?"